कवटीच्या दिवसाची माफी

धंतोलीतल्या एका खासगी इस्पितळाच्या आयसीयूत कामिनी मेश्रामने बावीस वर्षं काढली होती. अंगावरची चादर कशी हलते यावरून तिला पेशंटचा श्वास कळायचा. नवे डॉक्टर मशीनच्या आकड्याआधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. अशा बाईवर जादूटोण्याचा आळ आला.

तिचा नवरा धम्मानंद कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तो एका इस्पितळात खाटेवर आणि ही दुसऱ्यात ड्युटीवर. त्यानंतर तिचे दिवस एकमेकांत कालवले गेले. सोमवार की गुरुवार, सकाळपाळी की रात्रपाळी, तिला फरकच वाटेना. त्या काळात मोबाइल चाळताना तिला ग्वाटेमालातल्या माया लोकांपैकी एक म्हातारी शिक्षिका सापडली. आपल्या लोकांची दिवसगणना ती मोडक्या इंग्रजीत फुकट शिकवायची. वीस दिवसांची वीस चिन्हं, तेरा आकडे, आणि दोनशे साठ दिवसांचा फेरा. त्या फेऱ्यात कुठलाही दिवस दुसऱ्यासारखा नाही, हे ऐकलं आणि कामिनीने वही काढली. शिक्षिकेने एकच अट घातली होती. ही आमच्या जित्या लोकांची चीज आहे, स्वतःपुरती वापरा, दुसऱ्याचं भविष्य सांगायला बसू नका.

कामिनीने ती अट पाळली. हुडकेश्वरच्या घरात पहाटे चहा ठेवायच्या आधी ती पत्त्याएवढ्या कागदावर त्या दिवसाचं चिन्ह काढायची. खाली आकडा, एकासाठी ठिपका आणि पाचासाठी आडवी रेघ. मग दहा मिनिटं त्याच्यासमोर गप्प बसायची. ‘तोह’ हा फेडीचा दिवस, त्या दिवशी कुणाचं काय आपल्याकडे राहून गेलंय ते आठवायचं. ‘कान’ म्हणजे साप, ‘कामे’ म्हणजे मृत्यू. ‘कामे’ला काम वाढतंच, असं ती स्वतःशीच हसून म्हणायची. पण तो दिवस तिला सगळ्यांत जवळचा होता. त्याचं चिन्ह मिटल्या डोळ्याची कवटी, आणि त्या दिवशी आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढायची असते. कागद ती दिवसभर खिशात ठेवायची.

तिचे वडील धोंडबा तिच्याकडेच राहत. कापडाच्या मिलमधून निवृत्त झालेला शहात्तरीचा ताठ माणूस. छप्पन साली सात वर्षांचे असताना बापाचा हात धरून ते दीक्षेला गेले होते, आणि ही गोष्ट ते रोज नव्याने जगत. त्यांना हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. आपण पंचांग सोडलं, मुहूर्त सोडले, आणि ही पोरगी सातासमुद्रापलीकडचं पंचांग घरात आणते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. कामिनी म्हणायची की यात शुभ-अशुभ काही नाही, कुठल्या दिवशी काय करू नये असं मी पाहत नाही. जो दिवस येतो तो पुरा पाहते, एवढंच. त्यावर धोंडबा वर्तमानपत्र तोंडापुढे धरत.

त्या दिवशी फेऱ्यातला ‘सात कामे’ होता, आकडा सात आणि चिन्ह कवटीचं. चार नंबरच्या खाटेवर नरखेडकडचे कवडूजी होते, संत्र्याच्या बागांचे मालक, दोन्ही किडन्या गेलेल्या. कामिनी त्यांची सलाइन बदलायला वाकली आणि कागद खाली पडला. तो उचलला कवडूजींच्या मुलाने. त्याने कवटी पाहिली, तिच्याकडे पाहिलं, आणि कागद तिच्या हातात दिला. संध्याकाळी सहाला कवडूजी गेले. मग तो मुलगा बोलला, आणि सगळ्या मजल्याने ऐकलं. या बाईने माझ्या बापाचं मरण सकाळीच लिहून ठेवलं होतं, असं तो म्हणत होता.

चौथ्या दिवशी मेट्रन यमुताईंनी तिला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. मी ड्युटीवर अघोरी स्वरूपाचं चित्र बाळगलं, त्याबद्दल माफी मागते, पुन्हा असं करणार नाही. खाली सहीची जागा. यमुताई वाईट बाई नव्हत्या. मुलगा पोलिसात जायचं म्हणतोय, सही करून टाक, कपाटात पडून राहील, कुणी वाचणारही नाही, असं त्यांनी समजावलं.

“त्याचा बाप गेला, मॅडम. माझ्या कागदाने त्याले धक्का बसला, तर त्याच्या घरी जाऊन मी हात जोडीन,” कामिनी म्हणाली. “पण ‘अघोरी’ या शब्दाखाली मी सही नाही करणार. तो पोलिसात चालला असंल तर मीही येते म्हणा त्याले. हेच तिथंही सांगीन.”

“नोकरीचा विचार कर.”

“बावीस वर्षं तोच केला.”

घरी तिने धोंडबांना सगळं सांगितलं. मी म्हणत नव्हतो का, हे ऐकायची तयारी ठेवूनच. म्हाताऱ्याने वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवली.

“तुहं ते चित्र मले आजही पटत नाही,” ते म्हणाले. “पण आपण न केलेल्या गुन्ह्याची माफी मागाची नाही. आपल्या घरानं लय मागली वं, माह्या बापापर्यंत. सही नको करू.”

तिची बदली तळमजल्यावरच्या ड्रेसिंगच्या खोलीत झाली. लोक कुजबुजत, काही जणी कागद दाखव म्हणून मागे लागत. हर्षा नावाच्या सिस्टरने मुलाच्या परीक्षेचा दिवस कसा आहे ते विचारलं. कामिनीने साफ सांगितलं की ते मला येत नाही आणि येत असतं तरी सांगितलं नसतं. एका सुट्टीला एसटीने ती नरखेडकडे जाऊन आली. कवडूजींच्या बायकोने तिला पाणी दिलं. मुलगा ओट्यावर बसून होता, तो आत आला नाही. पोलिसात मात्र तो कधी गेला नाही.

अडीच महिन्यांत वरच्या आयसीयूतल्या दोन अनुभवी नर्सेस नोकरी सोडून गेल्या. यमुताई स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून वर ये. कामिनी जखमेवर पट्टी बांधत होती. ती पुरी बांधून होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

“तक्रारीत तथ्य नव्हतं, असं लेखी द्या. मग येते.”

असं पत्र या इस्पितळाने आजवर कुणा नर्सला दिलं नव्हतं. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत आयसीयूतून तीनदा फोन आला, काय करू सिस्टर म्हणून. तिने तिन्ही वेळा फोनवर नीट सांगितलं, पण जिना चढली नाही. नवव्या दिवशी शिपाई लिफाफा घेऊन आला. दोन ओळी, शिक्का, सही. तिने त्या उभ्यानेच वाचल्या आणि लिफाफा शिपायाच्या हातात परत ठेवला.

“याच्यावर तारीख नाही. ती घालून द्या म्हणावं.”

शिपाई गेला, आला. तारीख पडली होती. कामिनीने हात धुतले आणि ती वर गेली.