दुसरी मंजुरी

छोटीचं वय एकोणचाळीस. तरी घरात ती छोटीच, कारण तिच्याआधी दादा होता आणि दादापुढे कुणी मोठं होऊच शकत नाही, असं आईचं ठाम मत. शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती नोकरीला. सकाळी नऊला वॉर्डावॉर्डातून नमुन्यांच्या बाटल्या यायच्या. त्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, गढूळपणा मोजायचा, क्लोरीन मोजायचं आणि आकडे कॉम्प्युटरात भरायचे. आकडे भरून भरून जीव विटला तेव्हा तिनं एक प्रोग्रामिंगची भाषा शिकून घेतली आणि ते काम यंत्राच्या गळ्यात घातलं. शहाण्या बाईनं तिथंच थांबायचं! पण छोटी जाऊन बसली ती भाषा घडवणाऱ्या मंडळींत, आणि तिथून तिच्या डोक्याला जो ताप लागला तो दोन वर्षं उतरला नाही.

ही भाषा कुणा कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातली हजारभर माणसं ती फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळतात. तिचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं. कुणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. ऐकायला किती छान! आईनं ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पगार नाही, आणि वर बोलणी खायची?" छोटी तेव्हा हसली होती. पुढे पुढे तिला वाटायला लागलं की या हजार माणसांत अक्कल असलेली एकच बाई, आणि ती आपल्या घरात भांडी घासतेय.

पण ती तिथं गेली होती दादासाठी. दादा मुद्रितशोधक. छापायच्या आधी पानांतल्या चुका काढणारा. बावीस वर्षं एकाच छापखान्यात त्यानं हे केलं आणि मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. सहा महिने तो खोलीबाहेर आला नाही. सातव्या महिन्यात आला तो म्हणाला, "मला काम पाहिजे." अंधांसाठीच्या एका प्रशिक्षण केंद्रात आठ महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स होता. जागा फक्त बारा, पण पुरा केला की नोकरी जवळजवळ नक्की. दादाला जागा मिळाली. तो गेला, आणि नवव्या दिवशी घरी परत आला.

तिथं हीच भाषा शिकवायचे. या भाषेत लिहिताना चूक झाली की ती तुमची ओळ पुन्हा छापते आणि जिथं चुकलंय त्याच्या खाली टोपीसारख्या दिसणाऱ्या छोट्या छोट्या खुणांची रांग काढते. डोळस माणसाला एका नजरेत कळतं. दादाचा कॉम्प्युटर चालायचा पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजावर. घरात त्या आवाजाला सगळे 'बाई' म्हणत. बाई बिचारी प्रामाणिक. ती वाचायची, "जागा, जागा, जागा, जागा, टोपी, टोपी, टोपी." दादानं बोटांवर त्या मोकळ्या जागा मोजायच्या. सतरा-अठरापर्यंत यावं, शेजारी कुणीतरी खोकावं, आणि पुन्हा एकपासून. लहानपणापासून कानांवर वाढलेली मुलं कसंबसं निभवून न्यायची. दादाच्या मात्र एका चुकीमागे अर्धा तास जायचा. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळींखाली खुणा केल्या," तो म्हणाला, "आता माझ्या ओळीखाली केलेली खूण मला सापडत नाही." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

छोटीला वाटलं, हात्तिच्या! टोप्या काढायच्याऐवजी सरळ शब्दांत सांगायचं. चौथी ओळ, एकोणिसावं अक्षर, इथं कंस बंद केलेला नाही. दोनशे ओळींचं काम. तिनं तीन आठवड्यांत लिहिलं आणि पाठवलं. केंद्राच्या संचालिकाबाईंनीही सांगितलं, "आमच्या यंत्रांवर घरगुती काही चढवता येत नाही. तुमची दुरुस्ती अधिकृत आवृत्तीत येऊ द्या, दादांना मी पुढच्या तुकडीत घेते." झालं तर मग. छोटीनं दादाला वचन देऊन टाकलं.

आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली. नियम असा, की कुठल्याही दुरुस्तीला जुन्या सभासदांपैकी दोघांची मंजुरी लागते. पहिले पाच महिने कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वर तिथं एक यंत्र राखणीला बसवलेलं. साठ दिवस कुणी बोललं नाही की ते प्रकरण आपोआप बंद करून टाकायचं. म्हणून छोटी दर पन्नासाव्या दिवशी जाऊन लिहायची, "मी अजून वाट पाहते आहे." सरकारी कचेरीच्या बाकावर बसलेल्या म्हातारीसारखी. मग एकदाची लोकांना जाग आली तर वाद कशावर? या सोयीला नाव काय द्यायचं, यावर. पाच आठवडे! त्रेसष्ट पत्रं! त्यात एका शहाण्यानं विचारलं, "अशी किती माणसं असतील हो, ज्यांना याची गरज आहे?" छोटीनं लिहिलं, "एक माझ्या स्वयंपाकघरात बसलाय." मग ते खोडलं आणि नम्र भाषेत तीन परिच्छेद लिहिले. तो राग तिनं कपडे धुताना काढला. आई म्हणाली, "बटणं ठेव गं त्यांना."

या मंडळींची खरी तोंडं तिनं कधी पाहिली नव्हती. नावापुढच्या चित्रांवरून ती त्यांना ओळखायची. एक होता सायकलवाला. त्यानं चौदाव्या महिन्यात, सगळं तपासून, पहिली मंजुरी दिली. नावासमोर हिरवी खूण उमटली तेव्हा छोटीनं प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला. दुसरी मंजुरी आणखी दहा महिन्यांनीही आलेली नसेल हे माहीत असतं तर पाणीसुद्धा पाजलं नसतं.

शेवटी घुबडरावांनी प्रकरण हातात घेतलं. हे सगळ्यांत जुने, त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी लिहिलं, "मला यात खोट दिसत नाही. पण मला डोळे आहेत. ज्यांच्यासाठी ही सोय आहे त्यांच्यापैकी कुणीतरी वापरून पाहावी आणि चालते असं इथं लिहावं. मी लगेच मंजुरी देतो." तो सोमवार होता. शुक्रवारी नव्या आवृत्तीचं दार बंद होणार, मग पुढची सहा महिन्यांनी. केंद्राची तुकडी पुढच्या महिन्यात सुरू, आणि दादाची जागा राखून ठेवलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वापरून पाहणारा माणूस घरातच होता की. मंगळवारी संध्याकाळी छोटीनं दादाच्या कॉम्प्युटरवर नवी सोय चढवली, त्याला त्या मंडळींत खातं उघडून दिलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी वापरून बघ, आणि दोन ओळी लिही."

बुधवारी दुपारी, प्रयोगशाळेच्या उंच स्टुलावर डबा खाता खाता, तिनं पाहिलं. दादानं लिहिलं होतं. सगळ्या जगासमोर.

"चालत नाही. सोय चांगली आहे असं बहिणीकडून कळतं. मला ती सुरूच करता आली नाही. ती सुरू करायला एक यादी उघडते. तीत बारा ओळी आहेत. त्यांतली कुठली निवडली गेली आहे हे फक्त रंगावरून कळतं, असं आईनं पाहून सांगितलं. मी पाऊण तास प्रयत्न केला. ज्याच्यासाठी ही वस्तू आहे त्याच्या हातात ती पोचत नाही."

छोटीनं हातातला घास डब्यात परत ठेवला. दोन वर्षं! त्रेसष्ट पत्रं, सायकलवाल्याची तपासणी, आणि एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. ती स्वतः रोज ती यादी उघडायची, रंग पाहायची, बटण दाबायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. दुरुस्त करायला तीस ओळी पुरल्या असत्या. पण तिथला आणखी एक नियम: एक अक्षर जरी बदललं तरी आधीच्या मंजुऱ्या रद्द. आणि सायकलवाला सुट्टीवर होता. सायकल घेऊन, डोंगरात, पुढच्या सोमवारपर्यंत. आता बोला!

संध्याकाळी घरात शिरताच ती कडाडली. "घरचा भेदी निघालास तू! लिहायच्या आधी मला एक फोन करता आला नाही?"

"तू वापरून बघ म्हणालीस," दादा म्हणाला. "मी वापरून बघितलं."

"हे बघ. तू फक्त एक ओळ बदल. चालतं, सुरू करताना एकदा मदत लागते. खोटं नाहीये ते! पहिल्या दिवशी मी केंद्रात येईन, एका मिनिटात सुरू करून देईन. संपलं."

"तू येशील. ज्याला बहीण नाही त्याचं काय?"

"त्याचं त्याची आई बघेल! मला जगाचं काय करायचंय? मी हे तुझ्यासाठी केलंय."

"माझ्यासाठी?" दादाचा आवाज पहिल्यांदा चढला. "मग दोन वर्षांत एकदा तरी माझ्या हातात दिलंस? त्या घुबडाला दाखवलंस, सायकलीला दाखवलंस. मी शेजारच्या खोलीत होतो."

पुरं झाल्यावर देऊ, असं छोटीला वाटत राहिलं होतं. अर्धवट गोष्ट दाखवून त्याला पुन्हा आशेला लावायचं नव्हतं. पण हे आता सांगायचं कुठल्या तोंडानं? ती न जेवता झोपली. आईनं दोघांनाही मूर्ख ठरवलं आणि ताटं झाकून ठेवली.

गुरुवारी सकाळी निघताना, चपला घालून झाल्यावर, ती दारातूनच पुन्हा म्हणाली, "दादा, हात जोडते तुझ्यापुढे. उद्या दार बंद होतंय. जागा गेली तर तू यादीत शेवटी जाशील, परत कधी नंबर लागेल देव जाणे. पास कर रे एवढं."

दादानं मान हलवली. "छापखान्याच्या मालकाचं स्वतःचं पुस्तक होतं, तेही मी तीनदा परत पाठवलं. माझी सही चुकीच्या पानावर नाही पडायची, छोटे."

प्रयोगशाळेत त्या दिवशी एका वॉर्डाचं पाणी जरा गढूळ आलं. हद्दीच्या किंचित वर. तासाभरात तिथल्या इंजिनीयरचा फोन. "ताई, केसभर तर फरक आहे. पास करून टाका ना. उगाच वर चौकशी लागते."

"केसभर?" छोटी जी सुटली! "तुमच्या घरी पाठवू का ही बाटली? पाजा पोरांना! माझी सही काय रस्त्यावर पडलीय?" पलीकडून फोन बंद झाला तरी ती बोलतच होती. बाटल्या धुणाऱ्या मावशी हात तसेच ओले ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. छोटीनं फोन खाली ठेवला. त्या बाटलीवर तिनं स्वतःच्या हातानं नापासाची चिठ्ठी डकवली.

मग डब्याच्या सुट्टीत तिनं त्या तीस ओळी लिहिल्या. यादी नको, रंग नको. भाषा सुरू करताना एक शब्द टाईप केला की सोय चालू. पाठवायचं बटण दाबण्याआधी त्या तीनदा वाचल्या. दाबलं. सायकलवाल्याची हिरवी खूण करडी झाली आणि शेजारी लिहून आलं, मंजुऱ्या शून्य. थोड्या वेळानं घुबडरावांचं उत्तर आलं. "योग्य केलंत. आता पुढच्या आवृत्तीत पाहू." छोटी रिकाम्या बाटल्यांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि घुबड, सायकल, यादी, रंग, नियम, स्वतः, सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग रडली. मग तोंड धुऊन दुपारचे नमुने घेतले.

घरी पोचली तर दार उघडंच होतं. आई पंख्याखाली बसून होती आणि दादा फोनवर बोलत होता. छोटीनं काय पाठवलं हे बाईनं त्याला दुपारीच वाचून दाखवलं होतं. पलीकडे संचालिकाबाई असाव्यात.

"नाही हो, तब्येत ठणठणीत आहे," दादा म्हणत होता. "माझी जागा यादीतल्या पुढच्या माणसाला द्या... हो, मी शेवटी जाईन, माहीत आहे मला... नाही, हिंमत वगैरे नाही सुटली. बहिणीचं काम चाललंय अजून. काय आहे, ती घाईघाईत अर्धंमुर्धं देत नाही कुणाला. लहानपणापासूनच तशी आहे ती."

छोटी दारातच थबकली. सकाळी इथंच उभी राहून तिनं हात जोडले होते, अर्धंमुर्धं पास कर म्हणून. तिला वाटलं, पुढे होऊन फोन हिसकावून घ्यावा आणि संचालिकाबाईंना खरं काय ते सांगावं. तिचा चेहरा तापला. दादानं फोन ठेवला आणि तिच्या बाजूला मान वळवली.

तिनं पर्स खुंटीला अडकवली, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि त्याच्या कॉम्प्युटरसमोर टेकली.

"सरक जरा," ती म्हणाली. "चल, पहिल्या ओळीपासून सगळं ऐक. आणि चूक सापडली की आधी मला सांग. त्या लोकांना नंतर."