चोरी हा शब्द मीच टाइप केला

"टाइप करा, मॅडम. घाबरता काय?"

विभागप्रमुख सर माझ्या शेजारी उभे होते. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजची संगणकाची खोली. समोर एम.ए.ची मुलं, मागच्या बाकावर विभागातले प्राध्यापक. विषय होता, संशोधनासाठी इंटरनेटवर शोध कसा घ्यायचा. लॅपटॉपवर मला बसवलं होतं, कारण मराठी टायपिंग मलाच भरभर जमायचं. मी टाइप करीन ते प्रोजेक्टरवरून माझ्या मागच्या भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत उमटत होतं.

"नुसता विषय टाकला की ढीगभर कचरा येतो," सर मुलांना म्हणाले. "नेमका शब्द जोडायचा असतो. उदाहरण घेऊ. आपल्या मॅडमच्याच समाजाचं घेऊ. घरचं उदाहरण."

आणि त्यांनी माझ्या जमातीचं नाव घेतलं. मोठ्यानं. "टाका. आणि पुढे टाका, चोरी."

त्या खोलीत माझी जमात कोणालाच ठाऊक नव्हती. सरांना ठाऊक होती, नेमणुकीच्या वेळी माझा दाखला त्यांनीच पाहिला होता. बाकीच्यांना आडनाव पुरत होतं. आमची आडनावं आणि गावच्या पाटलांची आडनावं एकच असतात. त्या आडोशाला मी आजवर उभी होते. एका वाक्यात सरांनी तो काढून घेतला.

ते नाव मी इथं लगेच लिहीत नाही. भीती अजून गेलेली नाही.

मी टाइप केलं. माझ्याच बोटांनी. भिंत भरून गेली. टोळी जेरबंद. मुद्देमाल हस्तगत. तोंडाला फडकी बांधून उकिडवी बसवलेली माणसं, मागे छाती काढून उभे पोलीस. एकाचे पाय माझ्या मामाच्या पायांसारखे होते. तसेच भेगाळलेले.

"बघा!" सर खूश होते. "एका शब्दानं निकाल किती नेमका आला."

मागून एक प्राध्यापक म्हणाले, "आता स्टाफरूममध्ये पाकिटं सांभाळा रे बाबा."

सगळे हसले. वाईट मनानं नाही, असं नंतर मला सांगण्यात आलं. मी लॅपटॉपची कड घट्ट धरून बसले.

ही भीती आजची नाही. बोदवडकडे आमची पालं होती. गावात चोरी झाली की पोलिसांची जीप आधी आमच्याकडे यायची. चोर कोण, ते मागाहून. धूळ दिसली की बाप मला आईच्या मागे ढकलायचा आणि स्वतः पुढे जाऊन उभा राहायचा. मी नोकरीसाठी धुळ्याला निघाले तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, "बाई, आपली जात कोनले सांगजो नको. सांगशी तर खोली जाई, मंग नोकरी जाई."

तास संपल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी तासिका तत्त्वावरची. जूनमध्ये मला पुन्हा घ्यायचं की नाही, ते सरांच्या मनावर.

"राग मानू नका," ते म्हणाले. "मुलांकडून यावरच प्रकल्प करून घ्या. तुमचा समाज आणि गुन्हेगारी. संशोधनाचा पेपर आपण दोघं मिळून छापू. तुमचं नाव असलं की कोणी बोट दाखवणार नाही."

"हो सर," मी म्हणाले. जीप आली की बापाच्या तोंडून असंच निघायचं. हो साहेब.

खोलीवर आले. घरमालकीण अक्कांनी दारातूनच विचारलं, "चहा घेते का गं?" मला वाटलं, हिला कळलंय. आता चहा देईल आणि मग खोली रिकामी कर म्हणेल. तसं काही झालं नाही. तरी मी दाराला कडी लावली आणि लॅपटॉप उघडला.

बापाचं नाव टाकलं. अवतरणचिन्हांत, म्हणजे तेच नाव जसंच्या तसं शोधलं जातं. पुढे गावाचं नाव. बातमी आली. अटक. बापाचं पूर्ण नाव, जमातीसकट.

मग त्याची सुटका शोधली. सुटका टाकलं, निर्दोष टाकलं, पुरावा नाही टाकलं. नाव वेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं. त्यानंतरच्या काळातल्याच बातम्या दाखव असं सांगितलं. काहीच नाही. कोर्टानं बापाला सोडलं त्या दिवशी मी आईला धरून तिथंच उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट नेटवर नव्हतीच.

मग जमातीचं नाव आणि पुढे शाळा. जमीन. कायदा. पानांमागून पानं उलटली. एक अभ्यास सापडला, त्याच्या शेवटच्या संदर्भांतून दुसरा. इंग्रजांनी कायदा करून आमची जमात जन्मतःच गुन्हेगार ठरवली होती, हे मी कोणाच्या तरी लेखात पहिल्यांदा नीट वाचलं. सरांचा सगळा पेपर शोधाच्या पहिल्या पानावर उभा राहणार होता. त्यांनी पान उलटलंच नव्हतं. आणि खाली मी माझं नाव घालणार होते.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला सर मागच्या बाकावर बसले. मी जमातीचं नाव टाकलं, पुढे चोरी. तीच भिंत. मग चोरी खोडलं आणि शाळा टाकलं. भिंत बदलली.

"काल यंत्रानं चोरी सांगितली नव्हती," मी म्हणाले. "ती आपण टाकली होती. पेरलं तेच उगवलं. उत्तर वाचण्याआधी आपण काय विचारलं ते वाचा. पान उलटा. बातमी कोणी लिहिली ते बघा. पकडल्याची बातमी दिसली की सोडल्याची शोधा."

कोणी हसलं नाही. पारोळ्याकडची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी मनी जात टाकी देखू का?"

तिला स्वतःची जात शोधून पाहायची होती. मी तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. तिनं तिच्यासमोरच्या संगणकावर टाकलं. काय आलं ते तिनं आणि मीच पाहिलं.

सर उठले. "मॅडम, विषयाला धरून बोला. आणि आपल्या पेपरचं काय?"

"तो मी करणार नाही, सर. त्यावर माझं नाव घालायचं नाही."

"ठीक. जूनमध्ये बघू."

जून आला आहे. कॉलेजातून फोन नाही. दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून बघते. अक्का भाडं मागायला आल्या तरी बघते.

बापाच्या सुटकेची हकीकत मी लिहून काढली. कोर्टाचा निकाल मिळवून सोबत जोडला. नेटवर टाकण्याआधी बापाला फोन केला. मला वाटलं, नको म्हणेल.

"टाक," तो म्हणाला. "आन जातनं नाव बी टाक."

टाकलं. पारधी.

आज ते नाव आणि चोरी असं शोधलं तर माझ्या बापाची सुटका कुठंच दिसत नाही. कुठल्या तरी मागच्या पानावर, तळाशी असेल. मी दुसऱ्या सुटका शोधायला घेतल्या आहेत. मामाची आहे, चुलत्याची आहे. एकेक लिहीन, नावासकट टाकीन. सरांना पहिल्याच पानावर सुटका दिसेपर्यंत थांबणार नाही.