पुनवेचा विस्तव

फाल्गुनाच्या पुनवेला मी माहेरी जाते, हे माझ्या शाळेत सगळ्यांना माहीत आहे. "होळीला चालल्या का मॅडम?" असं विचारतात. मी हो म्हणते आणि जालन्याच्या स्टँडवर येऊन परतूरची गाडी धरते. आमच्या घरी होळी करत नाहीत, आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून करत नाहीत, तरी ही पुनव आमची मोठी पुनव आहे, हे कुणाकुणाला समजावत बसू? एकदा सांगायला गेले तर एक बाई म्हणाल्या, "अय्या, मग पुरणपोळी पण नाही?" तेव्हापासून मी नुसतं हो म्हणते. पुरणपोळी असते. माय करते.

आष्टीच्या पुढं गाडी वळली की मला नेहमी गुंगी येते. झोप नव्हे, गुंगी. गहू निघालेला असतो, रानं मोकळी पडलेली असतात, पळसाच्या झाडांवर एक पान नसतं आणि फुलांनी फांद्या झाकलेल्या असतात. मोहराचा वास खिडकीतून येतो आणि जातो. दिवस पुरता बुडलेला नसतो तोच चांद वर येऊन बसलेला असतो, पिवळा, भाकरीएवढा. कंडक्टरनं दोनदा हाक मारल्याशिवाय मी उतरत नाही.

आमचं घर गल्लीच्या टोकाला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावातल्या पोरांना पाढे शिकवण्यात जन्म घातला. त्यांचा एकच दोस्त. मी त्यांना काका म्हणते. काका गावातल्या मानाच्या घरातले. होळीला पहिला विस्तव लावायचा मान त्यांचा. पहिलीपासून दोघं एका पाटीवर लिहिलेले. आष्टीच्या बाजारात दोघं एका कपातला चहा पितात, अर्धा कपात आणि अर्धा बशीत, आणि कपाकडं कोण आणि बशीकडं कोण यावरून भांडतात.

पण आमच्या घरी काकांनी कधी चहा घेतला नाही. रोज यायचे, ओसरीच्या कडेला टेकायचे, पेपर वाचायचे, सरकारला शिव्या घालायचे. माय दोन कप घेऊन बाहेर यायची. काका हात जोडायचे, "आत्ताच झाला, वहिनी." माय एक कप अण्णांपुढं ठेवायची आणि दुसरा परत आत न्यायची. माझं सगळं बालपण या एका वाक्यात गेलं. नऊ-दहा वर्षांची असताना मी एकदा फटकन विचारलं, "काका, तुमच्या घरी दिवसातून किती वेळा चहा होतो हो?" काका हसले. अण्णा मात्र संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

"तू कामून रोज नेतीस कप?" मी मायला विचारायची.

"त्याच्यामुळं मला दोनदा चहा मिळतो," ती म्हणायची. मग कप विसळता विसळता, "आपण इचारायचं सोडलं तर चूक आपली होईल, बाई."

यामागची गोष्ट अण्णांनी मला एकदाच सांगितली, माझं लग्न ठरलं तेव्हा. पूर्वी गावची होळी आमच्या आजोबांच्या चुलीतल्या विस्तवावर पेटायची. दुसरा विस्तव चालायचाच नाही. दुसऱ्यानं पेटवली तर पाऊस रुसतो, असं जुनी माणसं म्हणायची. पुनवेला दिवस मावळला की हलगी वाजवत गाव गल्लीच्या तोंडापर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. आजोबा पेटती गवरी घेऊन जायचे, भुईवर ठेवायचे, चार पावलं मागं सरायचे. मग काकांचे आजोबा ती उचलायचे. या हातातून त्या हातात नाही. अग्नीला विटाळ नसतो म्हणे. आमचा विस्तव चालायचा आणि आमचं पाणी चालायचं नाही. लहान असते तर मला गंमत वाटली असती. तेव्हा मी वीस वर्षांची होते, माझ्या अंगाची आग झाली.

दीक्षा घेऊन आल्यावरच्या फाल्गुनात हलगी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आली. आजोबांनी घागर उचलली आणि चुलीत ओतली. तव्यावर भाकर होती. "चूल इझली. इस्तू न्हाई," एवढंच बाहेर जाऊन सांगितलं. बघता बघता गल्लीतल्या सगळ्या चुली विझल्या. त्या रात्री सगळी गल्ली उपाशी, आणि वर हा एवढा मोठा चांद. अण्णा सहा-सात वर्षांचे होते. म्हणाले, "भूक लागल्ती, पण कुणी रडलं न्हाई. मोठी माणसं हसत होती म्हणून आम्ही बी हसत होतो." त्या रात्रीपासून गावची होळी आगपेटीवर पेटते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हे दोघं पोरं रानातून खेळून आले आणि काका सरळ आमच्या घरात शिरून माठातलं पाणी प्याले. तांब्याभर. कुणीतरी पाहिलं. काकांच्या आईनं त्यांना अंगणात उभं केलं, गोमूत्र ओतलं, चिंचेच्या फोकानं मारलं आणि आपल्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली, त्या घरचं पाणी मरेपर्यंत घेणार नाही म्हणून. अण्णा कुपाटीच्या, काट्यांच्या कुंपणाच्या, मागून बघत होते.

"मला दुसरं काही नको," अण्णा मला म्हणाले होते. "त्यानं एकदा आपल्या घरी पाणी प्यावं. आपण सांगून न्हाई. त्याचं त्याला वाटून."

ते ऐकून मला अण्णांचा राग आला होता. इतकं साधं मागणं, आणि तेही तोंडानं मागायचं नाही!

तीन वर्षांमागची पुनव. काका त्या थंडीत फार आजारी पडले होते, छातीचं ऑपरेशन होऊन घरी आले होते. दुपार कलली होती. माय पांढरी साडी नेसून विहारात जायच्या तयारीत होती, मी पुरणाचं पातेलं खरवडत होते. काका काठी टेकत आले आणि नेहमीच्या जागी टेकले. पेपर उचलला नाही.

"गुरुजी," ते म्हणाले. लोकांसमोर ते अण्णांना गुरुजी म्हणत, आणि घरात मी असले तरी म्हणत. "चार रात्री झाल्या, एकच सपान पडून राह्यलंय. होळी रचलेली हाय. सगळं गाव उभं हाय. मी काडी ओढतो, ती इझती. दुसरी ओढतो, ती बी इझती. आज्जा मागं उभा राहून इचारतो, इस्तू कुठून आणला? अन् चांद तसाच उभा, खाली जाईना की वर जाईना." त्यांनी कपाळ पुसलं. "माझी ही शेवटची होळी दिसती. यंदा इस्तू तुमच्या चुलीतला द्या. भुईवर न्हाई ठेवायचा. मी हातात घेतो."

मायनं सवयीनं आणलेले दोन कप तिच्या हातात तसेच होते. काकांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांच्या तोंडून सवयीनंच निघालं, "आत्ताच झाला, वहिनी."

माझा तोल गेला. "काका, आमचा इस्तू चालतो? अन् पाणी? हातात घेतो म्हणता, मेहरबानी करून राह्यले का आमच्यावर? सत्तरी उलटली तुमची, जरा तरी लाज धरा!"

मला वाटलं अण्णा ओरडतील. ओरडले नाहीत. काका उठले, काठी चाचपली, आणि कुणाकडं न बघता गल्लीतून निघून गेले. त्यांची चप्पल उलटी पडली होती, ती सरळ करायला ते किती वेळ वाकले होते ते मला अजून दिसतं.

"बोललीस ते बराबर बोललीस," अण्णा म्हणाले. "पण आता तो पाणी प्याला तरी ते तुझ्या बोलण्यानं. माझं ते गेलं."

धरणी दुभंगून पोटात घ्यावं असं मला झालं. एवढी वर्षं जपलेली गोष्ट, आणि मी तोंड सोडून एका मिनिटात वाया घालवली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर अण्णा म्हणाले, "चल, विहारात उशीर होईल."

विहारात त्या रात्री लाईट नव्हती. कुणाला गरजही वाटली नाही. दारातून, खिडक्यांतून चांदणं आत आलं होतं आणि पांढऱ्या साड्यांवर पडून पुन्हा वर उठत होतं. बाया ओळीनं बसल्या होत्या, कुणाचं तोंड कुणाचं ते कळत नव्हतं. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मग मायनं या पुनवेची गोष्ट सांगितली, दर वर्षी सांगते ती. माय चौथी शिकलेली, पण ही गोष्ट तिनं सांगावी.

"घर सोडून गेल्याला लई वर्षं झाल्ती. बापानं निरोपावर निरोप धाडले. जो निरोप घेऊन जाई, तो तिकडंच राही. शेवटी या पुनवेला बुद्ध आपल्या गावाला आले. अन् आले ते वाड्यात गेले न्हाईत. भिक्षेचं पात्र घेतलं अन् आपल्याच गावात दारोदार हिंडाय लागले. बाप पळत आला. म्हणला, आपल्या कुळात कुणी मागितलं का कधी? तर ते म्हणले, माझं कूळ आता मागणाऱ्यांचं हाय." माय बायांकडं वळली. "बायांनो, देणं सोपं हाय. ज्या दारात आपण मोठे, त्याच दारात हात पसरायचा, याला काळीज लागतं."

मी अण्णांकडं पाहिलं. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. चांदण्यात ते मला अगदी लहान वाटले, कुपाटीमागं उभ्या असलेल्या पोराएवढे. बाहेर मोहराचा वास दाटला होता आणि वारा बिलकुल नव्हता. मला वाटलं, याच चांदानं त्या विझलेल्या चुली पाहिल्या असतील, आणि कपिलवस्तूच्या गल्ल्याही. असं काहीबाही मनात येत होतं आणि मी येऊ देत होते.

गावातून बोंबा ऐकू येण्याची वेळ टळून गेली तरी आवाज नव्हता. "होळी पेटली न्हाई का अजून?" बाया कुजबुजल्या. म्हातारा कुठं पडलाबिडला की काय? अण्णांनीही डोळे उघडले. आम्ही सगळ्याच तशा कान देऊन बसलो. मग एकदम उजेड दिसला, पोरांनी बोंब ठोकली, आणि अण्णांनी श्वास सोडलेला मला स्पष्ट ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सकाळी माय भांडी घासत होती, अण्णा ओसरीवर दाढी करत होते, मी परतायची बॅग भरत होते. काका आले. पांढऱ्या सदऱ्यावर राखेचे डाग होते. ओसरीवर टेकले नाहीत. अण्णांना ओलांडून, माझ्या अंगावरून, सरळ आत गेले. स्वयंपाकघरात माठ कुठं आहे ते त्यांना विचारावं लागलं नाही. झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि उभ्यानं प्याले. घटाघटा नाही, सावकाश. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. सगळा तांब्या संपवून त्यांनी पुन्हा बुडवला.

मायनं राखेचे हात तसेच धरून ठेवले होते. मी भिंतीला चिकटले होते. अण्णा अर्ध्या दाढीनं दारात येऊन उभे राहिले.

"पोरीच्या बोलण्यानं आलो न्हाई मी," काका म्हणाले. माझ्याकडं बोट केलं. "ही तर लहानपणीच बोलल्ती."

"मंग?" अण्णांनी विचारलं.

"काल मी आगपेटी घेऊन उभा होतो. भेव वाटत होतं. पोरं ओरडाय लागली, आबा, जल्दी करा. मी उगंच टाइम काढत होतो." त्यांनी तांब्या पालथा घातला. "शेवटी काडी ओढली. अन् पहिल्याच काडीत पेटली, गड्या. भडकन पेटली. वारा न्हाई, काही न्हाई. सरळ वर गेली. आज्जा न्हाई, सपान न्हाई, कुणी काही बोललं न्हाई. मंग मी घरी जाऊन रातभर जागाच होतो. म्हणलं, एवढी वर्षं मी कुणाला भिऊन राह्यलो?"

अण्णांनी टॉवेलनं तोंड पुसलं. फेसाबरोबर डोळेही पुसले, आणि ते कुणापासून लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, वर्गात पोराला विचारायचे तसं, "अन् वर गेल्यावर तुझ्या मायला काय सांगशील?"

काकांनी माठावरचं झाकण जागेवर ठेवलं, नीट बसलं का ते बघितलं.

"सांगीन," ते म्हणाले, "तान लागल्ती."