यान्बूतलं मखर

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरले, पण एक काही डोक्यातून जात नाही. आणि गंमत अशी की ती कुठल्याच ठाण्यात नोंदलेली नाही. फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि लेकीकडे सौदीत, यान्बूला राहायला गेले, तिथली ही गोष्ट. लेक तिथे हॉस्पिटलात डॉक्टर. नावं कोणाचीच सांगणार नाही, ती सवय खात्यातली.

जुन्या वस्तू पारखून किंमत सांगणारा टीव्हीवर कार्यक्रम असतो ना, त्यात एकाने चित्र आणलं. प्लायवूडवर समुद्र, होड्या, वर दोन मोर. खाली सही होती एका गायकाची. आज तो घराघरात माहीत आहे, पण तरुणपणी यान्बूतच एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. त्यानेही फोनवर ‘माझंच’ म्हणून सांगितलं. किंमत ऐकून आमची कॉलनी गार.

दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या एक वहिनी, इंजिनियरची बायको, दारात हजर.

"मावशी, हे माझ्या घरातलं. त्या गायकाने आमच्या गणपतीचं मखर म्हणून करून दिलेलं. आणि टीव्हीवर ते घेऊन मिरवणारा कोण, माहितेय? सिस्टरचा भाऊ."

सिस्टर म्हणजे लेकीच्याच हॉस्पिटलातली नर्स, नाशिककडची. एकटी राहते, तिच्या पगारावर माहेर चालतं. वहिनींचं म्हणणं, ‘आम्ही भारतात गेलो तेव्हा घराची किल्ली तिच्याकडे होती, तेव्हाच उचललं.’ यजमान पोलिसांत तक्रार द्यायला निघाले होते. परक्या मुलखात चोरीचा आळ म्हणजे नोकरी गेली, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना गेला, खलास.

लेक म्हणाली, "आई, त्यांना थांबवलंय मी. तू एकदा बघ ना."

आमचा पहिला नियम, फिर्यादी आणि संशयित यांना एका खोलीत बसवायचं नाही. आधी सिस्टरकडे गेले.

"चित्र कुठून आलं?"

"वहिनींनी दिलं."

"कधी?"

"आठवत नाही, मावशी."

"कशासाठी दिलं?"

ती ओटा पुसत राहिली. "चहा टाकते."

"चहाला नाही आले. भावाकडे कसं गेलं?"

"सुट्टीला जाताना मीच नेलं. भाच्यांना मोर आवडतील म्हणून. त्याची एवढी किंमत असेल असं स्वप्नात नव्हतं."

खात्यात एक शिकले, ‘तारीख आठवत नाही’ म्हणणाऱ्याला तारीख बहुतेक वेळा चांगली आठवत असते. माझा संशय पक्का झाला. बाई काहीतरी लपवत होती.

मग वहिनींकडे. फिर्यादीलाही तपासायचं, ही पण सवयच.

"भारतात कशाला गेला होतात?"

"असंच. बरं नव्हतं."

"गणपतीच्या आधी, की नंतर?"

"त्याच सुमारास."

"मग त्या वर्षी गणपती?"

"नाही बसला."

"मूर्ती आणली नव्हती?"

"आणली होती," वहिनी म्हणाल्या, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

इथे मी थांबले. आणलेली मूर्ती कोणी माळ्यावर टाकत नाही. आमच्या गावाकडे ऐनवेळी घरात सुतक आलं, तर तीच मूर्ती शेजारी बसवतात, सगळ्या सजावटीसकट. म्हणजे मखर घराबाहेर गेलं ते चोरीने नाही, रीतीने.

"कोण गेलं होतं, बाई?"

यजमान आतून म्हणाले, "मावशी, ते राहू द्या आता."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "बाळ झालं होतं. एक दिवस होतं."

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सिस्टरचीच ड्यूटी होती. मला घरी सोडायलाही तीच आली. दारातून मखर दिसलं. मी म्हटलं, हे सगळं ने माझ्या डोळ्यांपुढून. मूर्ती ने, दिवे ने, ते मोर ने. काही परत आणू नकोस." आणि थांबून, "मीच म्हटलं."

त्या खरंच विसरल्या होत्या, की टीव्हीवरची किंमत ऐकून विसरल्या, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही. पोलिसाचं मन, त्याला काय करणार.

सिस्टरला जाऊन म्हटलं, "अगं, एवढी नोकरी जायची वेळ आली, तरी तोंड उघडता आलं नाही तुला?"

"दिलं म्हटलं की का दिलं ते आलं. बाळाचं त्या कोणापाशी बोलत नाहीत, मावशी. मी कशी बोलू?" मग डोळे पुसत हसली. "आणि फार मोठी समजू नका मला. तुम्ही अजून एकदा दरडावलं असतंत, तर सांगितलंच असतं."

तक्रार गेली नाही. संध्याकाळी वहिनी खाली भेटल्या. मला वाटलं, आता चित्राचं काढतील.

"मी शुद्धीवर येईपर्यंत सगळं संपलं होतं, मावशी," त्या म्हणाल्या. "मी त्याला पाहिलंच नाही. तिने पाहिलं असेल ना?"

"ते तिलाच विचारा," म्हटलं.

गप्प बसणारा माणूस स्वतःची कातडी वाचवतोय, असं धरूनच मी आयुष्यभर चौकशा केल्या. पुष्कळदा ते खरंही निघालं. पण तो दुसऱ्या कुणाचं काही सांभाळत असेल का, हाही प्रश्न चौकशीत असावा, हे मला वर्दी उतरवल्यावर, त्या यान्बूत कळलं. वहिनी घरातल्या चपलांवरच सिस्टरच्या बिल्डिंगकडे चालत गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला, तशी मी तिथून निघाले. पुढचं ऐकायचा मला अधिकार नव्हता.