बंद गळ्याचा फ्रॉक

माझी वहिनी घरीच लहान मुलांचे कपडे शिवते. एक शिवण घालते, मशीन थांबवते, कान देते, मग पुढची. गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "तुमच्या मशीनला दम लागतो का हो?" वहिनी हसून वेळ मारून नेते. मला मात्र त्यांचे कपडे त्यांच्याच अंगावर फेकावेसे वाटतात.

तिची पोरगी, आमची ठमी, फार लवकर जन्मली. जगवायला घशात नळी घालावी लागली. ती बरेच दिवस राहिली, आत व्रण झाले आणि श्वासाची वाट आवळली. तेव्हापासून गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवलेली आहे. हवा तिथूनच ये-जा करते, म्हणून ठमी रडली तरी आवाज फुटत नाही. काही हवं असलं की ती टाळी वाजवते. नळीत कफ अडकला तरी टाळीच. मशीनच्या खडखडाटात ती ऐकू आली नाही, तर संपलंच सगळं.

तिचे सगळे फ्रॉक खोल गळ्याचे. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून तिच्याच बरगडीचा मऊ तुकडा बसवून आतली वाट रुंद केली. नीट भरलं तर नळी काढू, म्हणाल्या. वहिनीनं लगेच निळा, बंद गळ्याचा फ्रॉक शिवायला घेतला. गोल कॉलर, मानेशी दोन बटणं.

"अगं, अजून जर-तर आहे," मी म्हटलं.

"तू ना, जरा चांगलं बोलत जा."

आज तपासणी होती. फ्रॉक पिशवीत होता. ठमीला भूल देऊन डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घालून पाहिलं.

"वाट पुन्हा आवळलीय," त्या म्हणाल्या. "आधीपेक्षा जास्त. नळी काढता येणार नाही."

"मग कधी?" वहिनीनं विचारलं.

"मोठी झाल्यावर बघू."

"मोठी म्हणजे केवढी?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला सगळ्यांचाच राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

घरी आल्यावर ठमीनं स्वतःच तो फ्रॉक घातला. बटणं लागली तशी नळी झाकली गेली, तिचे ओठ काळवंडायला लागले. वहिनीनं तो ओरबाडूनच काढला. ठमीचा श्वास ठिकाणावर आल्यावर वहिनी मशीनपाशी बसली आणि कैची उचलली.

ठमीनं टाळी वाजवली. आईच्या हातातल्या फ्रॉककडे बघत परत वाजवली, मग वाजवतच राहिली.

"ऐकू येतंय गं मला," वहिनी मान खाली घालून म्हणाली, आणि कॉलर कापत राहिली.