काठ्या पाइपात, मासोळ्या कॅनमध्ये

तुमचा व्हिडिओ पाहिला. गोठलेल्या तळ्यावर तंबू, शेगडी, बर्फाला भोक पाडायचं यंत्र, घसरगाडीवर रचलेले डबे. आणि एवढं सगळं ओढत नेल्यावर तुमच्या बाबाला आठवलं की गळ घरीच राहिले. हा गुण त्याच्यात कुठून आला ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण तुमचे आजोबा इंग्रजीत मावत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात चाची तापाने पडली. चाची म्हणजे आपल्या मेडशीच्या घराला लागून राहते ती. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे चाचांचं, मालेगावला पाइप आणि नळांचं दुकान आहे आणि तलावावर गळ टाकायला आजोबांचे जोडीदार तेच. ताप उतरला, पण चाचीची अन्नावरची वासना गेली ती परत येईना. खिचडी पुढे ठेवली की भिंतीकडे तोंड. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. चाचा दुकान बंद ठेवून तिच्या उशाशी बसू लागले. अशात एका संध्याकाळी ती आपणहून बोलली, "मरळ असती तं दोन घास खाल्ले असते."

चाचांनी मालेगाव पालथं घातलं, रिसोडला निरोप धाडला. मरळ कुठेच नव्हती. मग आजोबा म्हणाले, "बजारात नाई तं तलावात हाय. सकाळीच निंगू."

सामान बांधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझा नियम साधा: आधी लागणारी वस्तू वर, शेवटी लागणारी तळाशी. तळाला सुरी आणि दोरी, त्यावर जाळी, त्यावर भाकरी, सगळ्यात वर गळांची डबी. आजोबांचा नियम त्याहून साधा: बायकोने भरलेली पिशवी एकदा पूर्ण उपसून पाहायची. ती उपसली, गळ आहेत याची खात्री केली आणि डबी ओट्यावर ठेवली. मी मुकाट्याने ती परत पिशवीत टाकली.

खरी अडचण वेगळीच होती. आपल्याकडे घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं चाललात?' असं विचारू नये म्हणतात. काम होत नाही. आजोबा एरवी शकुन-अपशकुन मानत नाहीत. मासे धरायला जाताना मात्र मानतात. आणि हातभर बाहेर आलेल्या गळाच्या काठ्या घेऊन मोटरसायकल चौकातून निघाली, की विचारल्याशिवाय कोण राहील? म्हणून दोघा शहाण्यांनी युक्ती काढली. काठ्या तुषार सिंचनाच्या काळ्या पाइपात घातल्या. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, असे पाइप सगळेच नेतात. मरळीला आमिष जिवंत लागतं, म्हणून नाल्यातल्या बारीक मासोळ्या पाण्यासकट दुधाच्या कॅनमध्ये. पिशवीवर खताचं पोतं. चाचा पुढे, आजोबा मागे, मधे कॅन.

निघाले, आणि पाण्याची तांब्याभर धार रस्त्यावर सांडत लगेच परत आले. चौकातल्या बसथांब्यावर एका आजीबाईने त्यांना थांबवलं होतं. "दूध हाय काय? मले अर्धा लिटर दे." चाचा नाही म्हणाले, तरी तिने झाकण उघडून आत पाहिलं. "माय वो! हे मासोया कुठी नेऊन राह्यले?"

झालं. अशा वेळी घरी यायचं, चपला काढायच्या, पाणी पिऊन घटकाभर बसायचं आणि नव्याने निघायचं. आजोबा सगळं साग्रसंगीत करून पुन्हा निघाले. या खेपेला शेजारच्या वावरवाल्याने पाइप धरला. "भाऊ, कुठी नेता हा? माहा फुटला, दोन दिस द्या ना." पुन्हा घर, पुन्हा चपला, पुन्हा पाणी.

ऊन वर आलं. मी कॅनमध्ये वाकून पाहिलं. काही मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. चाचा अंगणात उभेच होते. शेवटी त्यांचा धीर सुटला. "भाऊ, ते मरळ काय चौकात येऊन आयकते काय, कोन काय पुसलं ते? तिकडं माही घरवाली सकाळपासून निस्त्या पान्यावर हाय."

आजोबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. चाचीसाठी म्हणूनच शकुन मोडायची त्यांना भीती वाटत होती, हे चाचांनाही कळत होतं आणि मलाही.

मी कॅनचं पाणी बदललं, चपला घातल्या आणि त्यांच्या आधी चौकात गेले. थांब्यावर जेवढे होते तेवढ्यांना, वर्गात सांगावं तसं खणखणीत सांगितलं, "हे दोघं तलावावर चालले आहेत. चाचीने मरळ मागितली आहे. त्यांना कोणीही काहीही विचारायचं नाही."

"मंग आधीच सांगाव ना बाप्पा!" पाइप मागणारा वावरवाला म्हणाला. "आमी काय दुश्मन हाव काय?"

मोटरसायकल आली. कोणी विचारलं नाही. सल्ले मात्र सगळ्यांनी दिले: वेलींच्या बाजूला बसा, बोलू नका, बिडी ओढू नका. दूध मागणाऱ्या आजीबाईने तर तोंडाला पदर लावून दुसरीकडे पाहिलं, जणू रस्त्यावरून कोणी जातच नव्हतं. आजोबा नवरदेवासारखे ताठ बसून गेले.

दिवस मावळताना दोघे परतले. कॅनमध्ये एकच मरळ होती, हाताएवढी, काळपट, जिवंत आणि फार रागावलेली. मरळ थोड्या पाण्यात तग धरते, म्हणून बर्फ लागत नाही. तुम्हाला तिकडे फुकट मिळतो, तेवढ्यावर फुशारकी मारू नका.

चाचा कॅन थेट चाचीच्या खाटेपाशी घेऊन गेले. तिने कोपरावर उठून आत पाहिलं.

"दोघं जन गेलते, अन् एकच?"

"एकच लय मुश्किलीनं आली," चाचा म्हणाले.

"मसाला कोन वाटून राह्यलं?"

"वहिनी."

चाचीने माझ्याकडे पाहिलं. मग पाय खाटेखाली सोडले, भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यायले कायले सांगता? त्या लसूण मोजून टाकतात." चुलीपाशी पाट मांडायला लावून तिने स्वतः मसाला भाजला. मधे दोनदा दमून थांबली, पण कालथा काही सोडला नाही. मग माझ्या शेजारी बसून काटे काढत काढत जेवली, आणि टोपलीतली भाकरी माझ्या आधी उचलली.