झिगाचे बूट

माझा नवरा केलेमेन झिगमोंड, सगळ्यांचा झिगा, बारा वर्षं फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत मिडफिल्डला खेळला. पहिल्या श्रेणीत एकूण अकरा मिनिटं, आणि ती त्याने मला लग्नानंतर निदान अकराशे वेळा ऐकवली आहेत. पळण्यात तो कधीच पुढे नव्हता. पण बॉल पायाशी येण्याआधी मान वळवून मागे बघायचा, आणि कोण कुठे उभा आहे ते त्याला पाठ असायचं. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्याचे बूट माळ्यावर फेकले आणि घरातली शिडीसुद्धा शेजारणीला देऊन टाकली.

मग तो माझ्या माहेरी, द्राक्षांच्या गावात, कोच झाला. टीमचे कपडे मी धुते. पोरांना तो एकच गोष्ट शिकवतो. "बॉल यायच्या आधी बघ रे! आल्यावर काय, माझी सासूपण बघते."

गेल्या सप्टेंबरात गोची झाली. माणसं जमली नाहीत म्हणून आम्ही आधीच दोनदा मॅच सोडलेली. तिसऱ्यांदा सोडली की क्लबचं नाव जिल्ह्याच्या यादीतून कटणार होतं. द्राक्षतोडणीच्या दिवसांत कोणी फिरकणार नाही म्हणून झिगाने मॅच आठवडाभर अलीकडे घेतली. पण त्या वर्षी ऊन असं तापलं की द्राक्षांत साखर लवकर चढली, आणि गावाने तोडणीही आठवडाभर अलीकडे घेतली. हे साहेबांच्या ध्यानातच आलं नाही. रेल्वेवाल्याचा मुलगा तो, द्राक्ष त्याला फक्त ग्लासातलं कळतं.

रविवारी मैदानावर सहा जण आले. नियमाने किमान सात हवेत. रेफरी पंधरा मिनिटं थांबायला तयार झाला.

"झिगाकाका, खेळाडूंच्या यादीत तुमचं नाव आहे की!" गोलकीपर बालिंट म्हणाला.

"ते नावापुरतं. तुझी काकू मला जिवंत सोडेल का?"

सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले म्हातारे घरी जायला उठू लागले. झिगाचा चेहरा उतरला. क्लब गेला तर हा माणूस करणार काय? मी सायकलने घर गाठलं, शेजारणीकडून शिडी मागून आणली, आणि परत येऊन बूट त्याच्या पुढ्यात टाकले.

"एटेल्का, अगं, गुडघा?"

"तुझा आहे, तूच सांभाळ. पळालास तर याद राख."

तो खरंच पळाला नाही. मधल्या वर्तुळात उभा राहून मान वळवत, पास देत राहिला. सत्तराव्या मिनिटाला गुडघा टम्म फुगला. तो बाहेर आला असता तर सहाच उरले असते आणि मॅच बुडाली असती.

"काका, टेका जरा," समोरचा कॅप्टन कळवळून म्हणाला.

"टेकायला घरी खुर्ची आहे. तू खेळ."

आम्ही नऊ-शून्य हरलो. शेवटची शिट्टी झाली तसा तो गवतात बसला आणि पोरासारखा हसायला लागला. तेवढ्यात तोडणीवाले ट्रॅक्टरवरून आले, हात जांभळे, सोबत मटणाच्या रश्श्याचा हंडा.

"नऊ गोल खाल्लेत, काका?"

"खाल्ले. पण सात जणांनी खाल्ले!"

सोमवारी जर्सी धुवायला काढल्या. सहा धुळीने माखलेल्या, त्याची जवळपास कोरी. हसू आलं, थोडं रडूही आलं. मग बूट पुसून मी दाराशी ठेवले, आणि शिडी शेजारणीला परत दिली.